नाव न घेता

दिवेलागणीला वीज गेली आणि समोरच्या गॅलरीतून वृषालीनं सुप्रियाच्या मुलीला नाव घेऊन हाक मारली. एवढंच झालं होतं. "आरोहीऽ, ए आरोहीऽ, वर जा गं, आई वाट बघतेय!" वृषालीचा गळा चांगला होता, भजनी मंडळात ती पुढं बसायची. तो आवाज दोन इमारतींच्या मधल्या बोळात शिरला, पाण्याच्या टाकीवर आपटला आणि जरा जाड होऊन परत वर आला. सुप्रिया ओट्यापाशी अंधारात कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले. कणकेचे हात तसेच घेऊन ती जिना उतरली, चारही मजले, चपला न घालता. आरोही फाटकापाशी सायकलची साखळी बसवत होती. "काय गं आई, येतच होते ना," ती म्हणाली. सुप्रियानं तिचा दंड धरला. दंडाला कणीक लागली. वर येताना वृषाली गॅलरीतून वाकून म्हणाली, "म्हटलं तुमचं आपलं रोजचंच. चार मजले उतरायचे नि चार मजले चढायचे. घसा कशाला दिलाय देवानं? आज मीच मारली हाक." सुप्रिया हसली. "बरं केलंत," म्हणाली. घरात आल्यावर तिनं आरोहीला मेणबत्तीपाशी उभं केलं आणि तिचा चेहरा उगाचच पाहून घेतला, बाजारातून आणलेली वस्तू घरच्या उजेडात पुन्हा पाहावी तसा.

चिंचवडच्या त्या सोसायटीत संध्याकाळ झाली की गॅलऱ्यागॅलऱ्यांतून नावं खाली पडायची. पोरं खालून ओ द्यायची, पाच मिनिटं मागायची, शिव्या खायची. सुप्रिया तेवढी कधी हाक मारत नसे. तिला पोरं हवी असली की ती खाली जायची. लोकांना वाटायचं, बाई शिक्षिका आहेत, ओरडणं आवडत नसेल. हनुमंत, तिचा नवरा, चारचौघांत म्हणायचा, "आमच्या बाई शाळेत घसा झिजवतात आणि घरी राखून ठेवतात." त्यावर सगळे हसत, तीही हसे. शाळेत ती खरंच रोज सकाळी पटावरची नावं मोठ्यानं घ्यायची आणि तिला काही व्हायचं नाही. वर छत होतं, चार भिंती होत्या, दिवस होता. भिंतीतल्या नावाला काही होत नाही. उघड्यावरची गोष्ट वेगळी. उघड्यावर अंधार पडला किंवा धुक्याची धुई उतरली की पोराला नाव घेऊन बोलवायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं आधीपासून होतं की ते शिकलेलं आहे असं तिला वाटतच नसे. आणि हे तिनं नवऱ्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हटलं की वाक्य तयार व्हायचं, आणि तयार झालेलं वाक्य इतकं खुळं दिसायचं की ती ते गिळून टाकायची. सातवीच्या वर्गाला ती विज्ञान शिकवत होती. त्यात प्रतिध्वनीचा धडा होता. दर वर्षी ती फळ्यावर डोंगर काढायची, माणूस काढायची, डोंगराकडे जाणारा बाण आणि डोंगराकडून येणारा बाण. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मागं वळून फळ्याकडे पाहताना तिला दर वेळी वाटायचं, दुसरा बाण पहिल्यापेक्षा जरा लांब निघालाय.

गणपती गेले आणि त्या शनिवारी हनुमंत तंबू घेऊन आला. निळा, चेनचा, भोसरीच्या त्याच्या कंपनीतल्या कुणाकडून मागून आणलेला. त्यानं कुठंतरी पुरवणीत लेख वाचला होता. मुलांना उघड्यावर न्या, कामं वाटून द्या, भीती मोडते, असं काहीतरी. हॉलमधला टीपॉय गॅलरीत गेला आणि टीव्हीसमोर तंबू उभा राहिला. "पोरं डब्यात भरल्यागत झालीत," तो म्हणाला. "आपल्या लहानपणी कोण होतं का घरात? पुढच्या शनिवारी घाटघरला. नाणेघाटाच्या वर, मोकळं रान. एक रात्र. आदेश तंबूचा इंजिनिअर. आरोही सरपणमंत्री."

"मंत्र्याला गाडी असते," आदेश म्हणाला. तो अकरा वर्षांचा होता.

"तिला लाकडं आणायला गाडी पायजे का? मग राजीनामा दे म्हणावं." मग तो सुप्रियाकडे वळला. "आणि कॅप्टन आपली आई. अरे, हिचं सगळं बालपण तंबूत गेलंय. तुमची आई म्हणजे ओरिजिनल."

तंबू नव्हता. सुप्रियाला हे सांगायचं होतं, पण तेवढ्यासाठी तोंड उघडणं तिला जड वाटलं. हनुमंताचं घराणंही मेंढ्यांचंच; पण त्याच्या आजोबांनी कळंबला पाच-सहा एकर घेतले आणि मेंढ्या विकल्या, म्हणजे हनुमंतानं मेंढरू पाहिलं ते वाटेवरून जाताना. तिच्या वडिलांचा वाडा मात्र ती दहा वर्षांची होईपर्यंत फिरता होता. वाडा म्हणजे काही भिंती नव्हेत. मेंढ्यांभोवती लावलेली जाळी, तिच्या कडेला तीन दगडांची चूल, घोंगड्या, कुत्री आणि घोडी. दिवाळी झाली की कोकणाच्या बाजूला उतरायचं, पाऊस यायच्या आत वर यायचं. घोडीच्या पाठीवर भांडी, त्यावर वाकळा, वाकळांवर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी ती. तिला त्या दिवसांतलं आभाळ आठवत नसे, जे हनुमंताला फार आवडलं असतं. तिला आईची पाठ आठवायची. आई रात्री पाय पोटाशी घेऊन झोपायची आणि झोपेतही तिचा एक हात जमिनीवर फिरायचा, पोरं मोजत.

आणि एक गोष्ट आठवायची. याच घाटाच्या वर कुठंतरी वाडा बसला होता, खाली उतरायच्या आदल्या दिवशी. सकाळची वेळ, धुई इतकी की घोडीचं तोंड दिसायचं पण शेपूट दिसत नव्हतं. धाकटा भाऊ नवसू कोकरांत खेळत होता तो दिसेना. ती सात-आठ वर्षांची असेल. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, "नव..." एवढंच बाहेर पडलं, आणि मागून आईचा हात तिच्या तोंडावर आला. नाकासकट. त्या हाताला लोकरीचा, दुधाचा आणि राखेचा वास होता. तिला श्वास घेता येईना. "नाव घिऊ नगंस," आई कानात म्हणाली, ओरडून नव्हे, अगदी हळू, आणि त्या हळू बोलण्याचीच तिला जास्त भीती वाटली. "दरीला नाव गावलं का मंग ती बी हाका मारती. आन् पोरगं लहान आसतंय. कोन आई, कोन दरी, त्येला काय कळतंय?" मग तुकाबाईनं, तिच्या आईनं, स्वतः हाक मारली. "ए बाळाऽ... ए लेकराऽऽ..." नाव नाही, काही नाही. चारी बाजूंनी धुईतून पोरं निघाली, स्वतःची, चुलत्यांची, शेजारच्या वाड्याची. सगळीच कुणाची ना कुणाची लेकरं होती. आणि आया आपापलं पोर ओढून घेऊ लागल्या, मेंढ्या आपापलं कोकरू निवडतात तशा. नवसूही आला. नाक वाहत होतं, हातात लेंडी. त्याला काहीही झालं नाही. तो आता ओतूरला टेम्पो चालवतो, पोट सुटलंय, आणि मागे एकदा तिनं ही गोष्ट काढली तर म्हणाला, "आक्के, तुझं कायतरीच राव. मला तर आठवत बी न्हाई." आईला विचारावं तर आई राहिली नव्हती. कुणाचं पोर कधी दरीच्या हाकेला गेलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. कदाचित कुणाचंच गेलं नसेल. एवढ्या मोठ्या भीतीच्या मागं एकही मेलेलं माणूस नाही, याची तिला लाज वाटे. काहीतरी झालं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात तिनं न जाण्याची तीन-चार कारणं शोधली. शाळेची तपासणी, आदेशचा खोकला. आदेशचा खोकला बरा झाला. शनिवारी ते कंपनीतल्या एकाची जीप घेऊन निघाले. मंचर गेलं, कळंबला सासूबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "येवढी शिकली पोरं आन् रानात निजाया चालली," त्या म्हणाल्या. जुन्नर सोडल्यावर रस्ता चढू लागला, दोन्ही बाजूंना पिवळी सोनकी फुलली होती. आरोही प्रत्येक वळणावर "आई बघ, आई बघ" करत होती. सुप्रिया बघत होती. तिला फुलांच्या मागं रान जिथं संपतं ती रेघ दिसत होती. तिच्या पलीकडे काही नव्हतं, नुसतं फिकट. जीपमध्ये तिनं एकदा खरंच सुरुवात केली. "अहो, तिथं कडा आहे ना, तर पोरांना..."

"कठडा आहे गं. आणि आपण कड्यापासून लांब राहणार. मी आधी जाऊन बघून आलोय." हनुमंतानं तिच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. "तुला काय होतंय? अंग गरम आहे का?"

"नाही."

"तुला आवडेल असं वाटलं मला," तो म्हणाला, आणि हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की तिला त्याच्यापुढं आपली भीती काढणं म्हणजे त्याच्या ताटात माती टाकणं वाटलं.

घाटघरच्या पुढं, पठारावर, एका घराच्या हाकेच्या अंतरावर त्यांनी जागा धरली. घर कुशाबाईंचं. त्या अंगणात नाचणीची कणसं बघत बसल्या होत्या. निळं कापड उभं राहताना त्यांनी सगळं पाहिलं आणि मग उठून आल्या. "पावणं, घर जळालं का काय तुमचं?"

"नाही मावशी, पोरांना जरा रानाची सवय," हनुमंत हसत म्हणाला.

"रानाची सवय? आमची पोरं मुंबईला ग्येली घराची सवय कराया. आन् तुमी कापडात निजनार व्हय? वसरी हाय की आमची. ढेकूण बी न्हाईत आता."

"मावशी, लागलं तर येऊ."

"लागल. लई लागल," असं म्हणून कुशाबाई पोरांकडं बघून हसल्या, त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, आणि आरोहीही तशीच हसली, कारण तिचाही एक पडला होता.

कामं सुरू झाली. आदेश दगडानं खुंट्या ठोकत होता आणि प्रत्येक खुंटीला बापाला बोलावून दाखवत होता. आरोही काटक्या गोळा करून फ्रॉकच्या ओच्यात आणत होती. ओल्या काटक्या वेगळ्या, सुक्या वेगळ्या. तिला कुणीतरी खरं काम दिलं होतं, ज्याच्याशिवाय रात्री भात होणार नव्हता, आणि ती त्यामुळं एकदम मोठी झाल्यासारखी चालत होती, हात मागं टाकून, जमिनीकडं बघत. सुप्रियानं तिला पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. सकाळपासून आपण पोरीच्या मागं मागं होतो, पदर धरून चालणाऱ्या पोरासारखे, उलटे. तिनं चुलीचे दगड लावले. हाताला बरोबर आठवत होतं कोणता दगड कुठं. ऊन होतं. नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका समोर स्वच्छ दिसत होता, त्याच्यावर एक घार बसली होती. हनुमंत म्हणाला, "मी आणि इंजिनिअर जाऊन दूध घेऊन येतो. पलीकडच्या वस्तीवर म्हैस आहे म्हणे." ते दोघे गेले. कुशाबाई घरात गेल्या. आरोही डावीकडच्या करवंदीच्या जाळ्यांकडे वाकलेली दिसत होती, पिवळा फ्रॉक, वेणीला लाल रिबीन. सुप्रियानं तांदूळ निवडायला घेतले. त्यात एक खडा होता. तो काढून तिनं वर पाहिलं तर सुळका नव्हता.

धुई खालून आली होती. कोकणातून घाटाच्या नळीतून ती वर चढते, हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि समोर दिसणं यांच्यात तिला उठायला जेवढा वेळ लागावा तेवढाही मिळाला नाही. आधी कठडा गेला. मग करवंदी. मग तंबूचा निळा रंग राखाडी झाला आणि गेला. पायाजवळची चूल राहिली आणि तिच्या हातातलं ताट. अंधार नव्हता, दिवस होता, पाच-साडेपाच वाजले असतील. सगळीकडे उजेडच होता आणि त्या उजेडात काहीच नव्हतं. तिच्या भुवयांवर पाणी जमलं. ती उभी राहिली आणि करवंदी जिकडे होत्या तिकडे चालू लागली. दहा-बारा पावलांवर तिला कळलं की करवंदी जिकडे होत्या ती बाजू आता तिला ठाऊक नाही. मागं वळली तर चूल नव्हती. ती थांबली. गवत ओलं होतं आणि कुठंतरी पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी पठारावर वाहतंय की कड्यावरून पडतंय, ते कळत नव्हतं.

हाक मारायची. एवढंच करायचं होतं. कुणीही हेच केलं असतं. तिनं तोंड उघडलं, छातीत हवा भरून घेतली, आणि नाव वर येईना. हे काही श्रद्धेनं झालं नाही, तिचा त्या गोष्टीवर विश्वास नव्हता, ती फळ्यावर बाण काढणारी बाई होती. पण तोंडावर कुणाचातरी हात बसला होता, नाकासकट, आणि त्या हाताखाली ती सात वर्षांची होती. आ... असा आवाज निघाला आणि बंद झाला. मग जिभेवर आपोआप दुसरंच आलं. "ए बाळाऽऽ," तिनं हाक मारली. आवाज तिचा नव्हता, तुकाबाईचा होता, सुरासकट. "ए लेकराऽऽ." धुईनं तो आवाज आत घेतला. ती ऐकत राहिली. पाण्याचा आवाज. एक शेळी कुठंतरी ओरडली. पुन्हा, "ए बाळाऽऽ." काही नाही. पोरगी जवळ असणार. आठ वर्षांची पोर काटक्या वेचत किती लांब जाईल? ऐकू जात असणार. मग ओ का देत नाही? ओ देत नाही म्हणजे देण्यासारखी उरली नाही, असं मनात येऊन गेलं, आणि ते इतक्या शांतपणे येऊन गेलं की तिलाच धक्का बसला. तिला पिवळा फ्रॉक खाली जाताना दिसला. हळू, पिसासारखा. खाली किती खोल आहे ते तिला माहीत होतं. घोडीच्या पाठीवरून, कोंबड्यांच्या शेजारून तिनं पाहिलं होतं. "ए लेकराऽऽ," ती म्हणाली, आता हाकेचा जोरही राहिला नव्हता, ती नुसती म्हणत होती.

आणि मग तिला कळलं. कळलं म्हणजे पाठीतून वर चढलं. मागच्या वर्षी शाळेच्या रस्त्यावर एक माणूस पोरींना "ए बाळ, इकडं ये" म्हणून बोलवायचा, म्हणून सगळ्या आयांनी बोंब केली होती. त्या संध्याकाळी तिनं स्वतः आरोहीला समोर बसवून शिकवलं होतं. अगदी पाठ करून घेतलं होतं. कुणी बाळ म्हणालं, बेटा म्हणालं, कितीही गोड बोललं, तरी ओ द्यायची नाही. आपल्याला जो ओळखतो तो नाव घेतो. नाव न घेता हाक मारेल त्याच्यापासून लपायचं. लपायचं, असंच म्हणाली होती ती. आरोही आज्ञाधारक मुलगी होती. म्हणजे ती इथंच कुठंतरी होती, ऐकत होती, धुईतून कुणीतरी अनोळखी बाई भलत्याच सुरात आपल्याला बोलावते आहे असं समजून मागं सरत होती. प्रत्येक हाकेला एक पाऊल मागं. मागं काय होतं?

सुप्रिया गवतात बसली. तिनं दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर आणले, जणू तो जुना हात पकडून बाजूला करायचा होता. आई, सोड, असं ती मनात म्हणाली. आई सोडत नव्हती. आईच्याही मागं कुणीतरी असेल, आईच्या तोंडावर हात ठेवणारं, आणि तिच्या मागं अजून कुणी, अशा बायकांची रांग या घाटातून खालपर्यंत गेली असेल आणि त्यांच्यातल्या एकीनंही आपल्या लेकराचं नाव इथं उच्चारलं नसेल. आपण पहिल्याच. दरीला आजवर एकही नाव मिळालेलं नाही, उपाशी आहे ती. हे खुळं होतं. हे सगळं खुळं होतं आणि पोरगी मागं सरत होती. तिनं डोळे मिटले आणि ओरडली.

"आरोहीऽऽऽ!"

धुई फाटली नाही. काही झालं नाही. क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग समोरून, खालून, सुळक्याच्या बाजूनं तेच नाव परत आलं, बाईच्याच आवाजात, पण जास्त शांत, जास्त मायेचं. आरोही. मग अजून लांबून. ओही. दरी नाव म्हणून बघत होती. आता दोन आया होत्या आणि पोरीला कोण कुठं आहे ते कळणार नव्हतं.

"आई?"

हा आवाज बारीक होता. कुठून आला ते कळलं नाही. "आई, तू आहेस का?"

"मीच आहे!" ती ओरडली. दरीनंही लगेच सांगितलं, मीच आहे. "येऊ नकोस! जिथं आहेस तिथं बस! खाली बस, बाळा... आरोही! खाली बस! बसलीस का?"

"बसले."

"बोलत राहा. उठू नको. काहीपण बोल."

"काय बोलू?"

"काहीपण! पाढे म्हण!"

धुईत कुठंतरी पोरगी बेचा पाढा म्हणू लागली. रडक्या आवाजात, मग सवयीनं, वर्गात म्हणतात तशा चालीवर. सुप्रिया हातापायांवर, गवत चाचपत, आवाजाच्या दिशेनं निघाली. उभं राहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पुढं टाकलेल्या प्रत्येक हाताखाली जमीन आहे की नाही हे आधी पाहायचं आणि मग गुडघा. साडीचा काठ चिखलात घासत होता. पाढा कधी उजवीकडून यायचा, कधी समोरून. तीनचा झाला. चारचा लागला. चारच्या मध्येच तिच्या बोटांना काटक्या लागल्या, नीट मोळी करून ठेवलेल्या, आणि काटक्यांच्या पलीकडे सँडल, सँडलमध्ये पाय. तिनं पाय धरला. पाढा थांबला. पोरगी एका सपाट दगडाला पाठ लावून बसली होती आणि दगडाच्या पलीकडून कुशाबाईंच्या शेळ्यांची पायवाट जात होती. कडा तिकडे नव्हताच. तो दुसऱ्याच अंगाला, बराच लांब होता. सुप्रियाला हे कळलं आणि तरी तिनं पाय सोडला नाही.

"मला ऐकू येत होतं," आरोही म्हणाली. "पण तू नाव घेत नव्हतीस. मला वाटलं दुसरीच कोणतरी आहे."

"हो," सुप्रिया म्हणाली.

"मी ओ दिली नाही. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस."

पायवाटेनं दोघी कुशाबाईंच्या अंगणात पोचल्या आणि तिथून तंबूकडे. थोड्या वेळानं हनुमंत आणि आदेश आले, किटलीत दूध, दोघंही भिजलेले आणि खुशीत. "काय धुई आहे राव! मजा आली की नाही?" हनुमंतानं तिच्या साडीकडे पाहिलं. "पडलीस का?"

"घसरले."

त्याला सांगायला काही नव्हतं. काहीच झालं नव्हतं. पुन्हा एकदा काहीच झालं नव्हतं, आणि तिला वाटलं, आईचंही असंच झालं असेल. प्रत्येक वेळी काहीच न होता आईनं एवढं भय साठवलं असेल. चूल पेटवायला घेतली. धुई विरळ झाली होती पण गेली नव्हती, दहा-वीस पावलांवरचं दिसायचं आणि पुढं नाही. काटक्या ओल्या झाल्या होत्या, धूर करत होत्या. हनुमंत फुंकून फुंकून लाल झाला.

"सरपण कमी पडलं, मंत्रीणबाई," तो म्हणाला.

आरोही उठली. तिनं फ्रॉक झटकला. "त्या दगडाखाली सुक्या आहेत. मी बघून ठेवल्यात. जाऊ, आई?"

ती बापाला विचारत नव्हती. सुप्रियाच्या तोंडून ‘नाही’ बाहेर पडणार होतं, पडलंच होतं जवळजवळ. पोरीच्या तोंडावर भीती नव्हती. मघाशी होती, आता नव्हती, आणि तिच्या जागी दुपारचं ते मोठं होणं परत आलं आहे, हे सुप्रियाला नीट दिसलं. आता ‘नाही’ म्हटलं की ते जाणार आणि आपली भीती तिच्याकडे जाणार. तोंडावरच्या हाताला लोकरीचा वास नसेल, साबणाचा असेल, एवढाच फरक.

"जा," ती म्हणाली. "पायवाट सोडायची नाही. आणि मी हाक मारली की ओ द्यायची."

पोरगी गेली. पिवळा फ्रॉक थोडा वेळ दिसला आणि मग पुसला गेला. सुप्रिया उभी राहिली. "आरोहीऽ," तिनं हाक मारली. दरी म्हणाली, आरोही. मग, "ओऽ." तिनं श्वास सोडला आणि लगेच पुन्हा मारली. "आरोहीऽ." आरोही. "ओऽऽ." हनुमंत हसायला लागला. "अगं, तिला दम तरी खाऊ दे. इतकी वर्षं घसा राखला तो आजच संपवतेस का?" आदेशही हसला. पलीकडून कुशाबाई ओरडल्या, "बाई, जप लावलाय का पोरीचा?" तिनं कुणाकडे पाहिलं नाही. प्रत्येक हाकेला आधी दरी बोलायची, मग पोरगी, आणि त्या दोघींच्या मध्ये थोडीशी जागा होती. तिथं काहीच नसायचं. तिथं तिला दर वेळी उभं राहावं लागत होतं. "आरोहीऽ." आरोही. आणि मग काही नाही. हनुमंतानं फुंकणं थांबवलं. त्यानं मान वर केली, धुईकडे पाहिलं, आणि सुप्रियानं पहिल्यांदाच त्याचा चेहरा तसा पाहिला.

"ओऽऽ! अगं, तोंडात दोरी होती! मोळी बांधतेय!"

हनुमंत खाली बघून पुन्हा फुंकायला लागला, जरा जास्तच जोरात. सुप्रियानं छाती भरून घेतली आणि पुन्हा हाक मारली.